हौसाआत्याचा नेम

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या महादेवाच्या देवळाला रंग दिला. कळसाला भगवा, खांबांना निळा आणि दगडी नंदीला काळाकुळकुळीत ऑइलपेंट. देऊळ समितीत मीही आहे. रंगारी नंदीपाशी बसून ब्रश भिजवत होता तेव्हा मी तिथेच उभा होतो. त्याला एवढंच म्हणायचं होतं, बाबा, हे उजवं शिंग तेवढं सोड. म्हटलं नाही. बोलायच्या वेळी गप्प राहायची माझी खोड जुनी आहे.

त्या उजव्या शिंगावर हौसाआत्याचा चष्मा टांगलेला असायचा. चष्म्याला काळी दोरी होती, ती रोज घासून घासून दगड तिथे गुळगुळीत झाला होता, देवळात पाऊल टाकताच चकाकायचा. आत्या जाऊन आता तिसरा उन्हाळा. तेवढी एक चकाकी उरली होती, तीही रंगाखाली गेली.

महाळुंगे पडवळच्या पुढे, ओढ्याला लागून आमचं गाव. हौसाआत्या ही गावच्या गुरवाची लेक, म्हणून सगळ्या गावाची आत्या. तिला बेल्ह्याला दिली होती. काही वर्षांतच ती माहेरी परत आली ती कायमची. का आली हे आमच्या लहानपणी कुणी सांगितलं नाही आणि मोठेपणी आम्ही विचारलं नाही. पुढे तिचा भाचा पुण्याकडे कंपनीत लागला आणि देवाची पूजा, झाडलोट, दिवाबत्ती सगळं तिच्याकडे आलं.

अंगानं ती चांगली थोराड होती. चेहरा फुगीर, डोळ्यांखाली सूज, आवाज घोगरा, पाठमोरी बोलली तर एखादा बाप्या बोलतोय असं वाटावं. चालणं इतकं सावकाश की देवळाचा उंबरा ओलांडायच्या आधी ती एकदा उंबऱ्याकडे बघून घ्यायची. आणि भर चैत्रात अंगात मरून रंगाचा स्वेटर. बाकी गाव घामानं निथळत असायचं तेव्हा आत्या पदर कानावरून ओढून म्हणायची, "आज गारठा हाय रं."

गावानं याचा अर्थ कधीच लावून टाकला होता. देवाचा सगळा नैवेद्य आत्याच्या पोटात जातो. पारावर हा विनोद रोज व्हायचा आणि मीही त्याला हसलोय. आत्याच्या कानावर ते जायचं. ती नंदीला टेकून बसायची आणि म्हणायची, "देव खात न्हाई, मंग कुणीतरी खायाला नगं का? त्याचं मन राखते मी." ती खरंच किती खाते हे मात्र कुणी कधी बघितलं नव्हतं.

गावात तिचा खरा मान होता तो उपासांमुळे. उपासाला काय चालतं आणि काय नाही, हे ठरवायचा अधिकार तिचा. जिरे चालतात का, लिंबू चालतं का, चहात आलं घातलं तर मोडतो का, असे प्रश्न घेऊन बायका यायच्या, पुरुष यायचे, अलीकडे तर पुण्याला गेलेल्या सुनांचे फोन यायचे. आत्या आधी चष्मा लावायची, विचारणाऱ्याचं तोंड नीट बघायची आणि मग निकाल द्यायची. शास्त्र तिला ठाऊक नव्हतं. माणूस बघून ती शास्त्र ठरवायची.

टोमॅटोचे क्रेट घेणारा एक व्यापारी आमच्याकडे होता, वजनात मारण्याबद्दल प्रसिद्ध. शिवरात्रीला तो देवळात आला आणि म्हणाला, "आत्या, साबुदाण्याचा वडा चालतो ना?"

"दुसऱ्याला चालतो. तुला न्हाई."

"का बरं?"

"तू वरीसभर लोकाचं खातोस. येक दिस तरी कायबी खाऊ नगं."

देवळात हशा झाला. व्यापारीही हसला, पण त्या दिवशी त्यानं वडा खाल्ला नाही असं त्याची बायको सांगायची. आणि त्याच महिन्यात एकादशीला कांदा काढायला आलेली एक म्हातारी दुपारच्या उन्हात देवळाच्या सावलीला बसली होती, उपास म्हणून पाणी पिऊन. आत्यानं स्वतःच्या दुरडीतली बाजरीची भाकरी तिच्यापुढे ठेवली. म्हातारी म्हणाली, "मोडंल की गं." आत्या म्हणाली, "ही भाकर उपासाची हाय. मी थापलीया, मला म्हाईत."

आमच्या घरात आत्या शिरली ती माझी बायको मनीषा दुसऱ्यांदा गरोदर राहिली तेव्हा.

माझं लग्न उशिरा झालं. मंचरला माझं ठिबकच्या पाइपांचं दुकान, ते उभं करण्यात वर्षं गेली. मनीषाचं पहिलं गरोदरपण तिसऱ्या महिन्यातच संपलं. नंतरच्या तपासण्यांत कळलं की तिची थायरॉईडची ग्रंथी मंद आहे. गोळी सुरू झाली. मधे बराच काळ गेला आणि पुन्हा दिवस राहिले. मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळीचा डोस वाढवला आणि बजावलं, या वेळी रक्त पुन्हापुन्हा तपासायचं, ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

मी ते फारच मनावर घेतलं. एक स्टीलची वाटी केली. सकाळी उठल्याउठल्या थायरॉईडची गोळी, लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी, तिन्ही त्या वाटीत घालून मी स्वतः मनीषाला द्यायचो आणि वर आईनं दिलेला तूप घातलेल्या दुधाचा पेला. एक दिवस चुकला नाही. मला त्याचा अभिमान होता.

आणि मनीषा फुगत चालली. चेहरा सुजला, अंगठी निघेना, वजन भराभर वाढायला लागलं. आमच्याकडे गरवार बाईच्या नाकाला वास गेला तर तिला घास द्यावाच लागतो, म्हणून आळीतून ताटं यायची. कुणाकडची पुरणपोळी, कुणाकडचे कानवले, कुणाकडची मटणाची वाटी. आणि ताट ठेवून जाणारी बाईच उंबऱ्यात वळून म्हणायची, "लईच सुटली गं सूनबाई! आत्ताशी तिसराच ना?" एकदा जेवताना मीही म्हणालो, "भात जरा कमी घेतलास तर?" मनीषानं ताट बाजूला सरकवलं.

दोन दिवसांनी दुकानाला निघालो तर आत्यानं ओढ्यापलीकडून हाक मारली. देवळात गेलो. मनीषा खांबाला धरून उभी होती.

"दत्तू," आत्या म्हणाली, "तुजी बायकू सोमवार धरायचं म्हणतीया. पाण्याचा घोटबी न घेता. कशापायी, इचार."

मनीषा म्हणाली, "देवाचं करावं म्हणून."

"देवाचं न्हवं. माज्या तोंडाकडं बघून सांग."

मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं. "वजन वाढतंय आत्या. बाळाला त्रास होईल. पहिल्यासारखं झालं तर? घरातले पण म्हणतात, कमी खा."

"घरातलं कोण?"

मनीषा पायाच्या बोटांकडे बघत राहिली. आत्यानं चष्मा शिंगावरून काढला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघितलं. एवढंच. मग ती मनीषाला म्हणाली, "तुजा उपास म्हादेव घेत न्हाई. मी सांगते. पोटातल्या लेकराला इचारलंस का, त्याला झेपंल का म्हणून? जा घरी आन् भाकर खा. आख्खी खा. अर्धी खाल्लीस तर मला कळंल."

हे शेवटचं वाक्य ती इतक्या कडक आवाजात बोलली की मला तेव्हा त्याचं नवल वाटलं.

त्याच आठवड्यात तपासणी होती. थायरॉईडच्या तपासणीतला रक्ताचा आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कशी घेता? मी पुढे होऊन सांगितलं, तिन्ही एकदम, दुधाबरोबर, मी स्वतः देतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. थायरॉईडची गोळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, त्यानंतर तासभर चहा-दूधसुद्धा नाही, आणि लोह नि कॅल्शियम तिच्या जवळपासही आणायचं नाही, ते दुपारी आणि रात्री. तुम्ही गोळी देत होतात, ती अंगाला लागतच नव्हती. मग मनीषाला म्हणाल्या, ही सूज सगळी खाण्याची नाही, हे आधी डोक्यातून काढा. आत्ता वजन घटवायचं नसतं, सावकाश वाढू द्यायचं असतं. उपास बंद. भाकरी, वरण, पालेभाजी, अंडं वेळेवर खा, गोड-तळलेलं आवरा, आणि रोज सकाळी चाला.

ऐकायला सोपं होतं. पण आमच्या घरात गरवार सुनेनं सकाळी उठून तासभर काही न खाता बसायचं, पुन्हा गावातून फिरायला जायचं, आणि आलेली ताटं परत पाठवायची, यातलं एकही जमणारं नव्हतं. मी आईशी बोलतो म्हणालो. दोन दिवस गेले, बोललो नाही. मनीषा तिसऱ्या दिवशी देवळात गेली आणि आत्याला सगळं सांगून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाआत्या बेलाची टोपली घेऊन आमच्या अंगणात उभी. शेजारच्या दोन्ही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात ती आईला म्हणाली, "वयनी, सुनंला म्हादेवाचा नेम लावलाय. बाळंत हुईस्तोवर."

आई बाहेर आली. "कसला गं नेम?"

"उजाडलं की चालत देवळात यायचं. माज्या हातचं तीर्थ घ्यायचं. ऊन नंदीच्या पाठीवर येईस्तोवर तितंच बसायचं. तवर च्या न्हाई, दूध न्हाई, कायबी न्हाई."

"अगं, दोन जिवांची हाय ती! निरश्या पोटी?"

"दोन जिवांची हाय म्हणूनच. आन् दुसरं, आळीतलं ताट माघारी धाडायचं न्हाई. सुनंनं येक घास घ्यायचा. बाकीचं दत्तूनं संपवायचं."

"दत्तूनं?" आई आणि मी एकदमच म्हणालो.

"त्यानं न्हाई तर कुणी? निम्मं लेकरू त्याचंबी हाय की."

नेमापुढे आईचं काही चाललं नाही. गावातल्या कुणाचंच चाललं नसतं. मनीषा पहाटे उठून घरापासून ओढ्यापलीकडच्या देवळापर्यंत चालत जाऊ लागली. पहिल्या सोमवारी आत्यानं पंचामृताचा चमचा पुढे केला, तेव्हा मनीषा घाबरत म्हणाली, "आत्या, यात दूध आहे. गोळीबरोबर चालत नाही." आत्या गाभाऱ्याकडे वळली आणि म्हणाली, "ऐकलंस का? उद्यापास्नं साधं पाणी." तेव्हापासून तांब्यात बुडवलेलं बेलाचं पान आणि नुसतं पाणी. गोळी तळहातावर, वरून तीर्थ. मग दोघी कट्ट्यावर बसायच्या. ऊन आधी पिंपळाच्या शेंड्यावर यायचं, मग देवळाच्या पायरीवर, मग नंदीच्या शेपटीवरून त्याच्या पाठीवर. ते पाठीवर आलं की आत्या म्हणायची, "जा, तुजा च्या झाला." पावसाळ्यात ऊन नसायचं तेव्हा ती नंदीच्या पाठीवर हात ठेवून अंदाज घ्यायची. खरं तर तिच्याकडे मोबाइल होता, पण वेळ नंदीकडूनच घ्यायचा हे ठरलेलं.

माझी मात्र पंचाईत झाली. आळीतली ताटं मी संपवत होतो. मनीषाच्या सातव्या महिन्यात तिचं वजन डॉक्टरीणबाईंना पाहिजे तसं हळूहळू वाढत होतं, रक्ताचा आकडा खाली आला होता, बोटात अंगठी फिरायला लागली होती, आणि माझी पँट लागेना. दुकानातली गिऱ्हाइकं विचारायची, "काय दत्तूशेठ, कितवा?" पारावर आता आत्याचा विनोद मागे पडून माझा सुरू झाला होता. तो अंगावर घेताना मला पहिल्यांदा कळलं की त्याला हसून उत्तर द्यायला किती जोर लागतो.

त्यातच आईनं लेण्याद्रीचा नवस काढला. सातव्यात सुनेला गिरिजात्मजाच्या पायऱ्या चढवीन असं ती बोलली होती. प्रकरण पुन्हा आत्याकडे गेलं. आत्या म्हणाली, "सुनंनं पायथ्याला बसायचं. पायऱ्या दत्तू चढंल."

"नवस सुनंचा बोललेय मी," आई म्हणाली.

"मंग देवाला सांग, हौसानं बदललाय. माज्याशी बोल म्हणावं."

मी चढलो. वाढलेलं पोट घेऊन, दर टप्प्याला कठड्याला धरून धापा टाकत. वर पोचलो तेव्हा एक पुजारी म्हणाला, "पावणं, बसा जरा, घाई न्हाई." खाली झाडाच्या सावलीत मनीषा आणि आत्या शेंगा खात बसल्या होत्या. मला उतरताना बघून दोघी इतक्या हसल्या की मनीषाला पोट धरावं लागलं. पहिलं मूल गेल्यानंतर तिला तसं हसताना मी बघितलं नव्हतं.

मुलगी झाली, दिवस भरून, चांगली बाळसेदार. नाव गिरिजा ठेवलं. बारशाला आई मला हळूच म्हणाली, "गोळीचं मला म्हाईत व्हतं रं. पर नेम म्हणलं तर मलाबी बरं पडलं. आळीतल्या बायांना काय सांगितलं असतं मी?"

सव्वा महिन्यानंतर मनीषा गिरिजाला घेऊन देवळात गेली. मी बरोबर होतो. आत्या मुलीला मांडीवर घेऊन बसली. वैशाखाचं ऊन होतं आणि तिच्या अंगात स्वेटर. मनीषा किती तरी वेळ तिच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "आत्या, तुम्हाला थंडी कधीपासून वाजते?"

"लगीन झाल्यापास्नं."

"आणि आवाज?"

"आवाज बसला त्यो बसलाच. आदी मी गाणी म्हणायची जात्यावर."

"आत्या, तुमचं रक्त तपासू या."

"माजं? या वयात रगात काढून कुणाला द्यायचंय?"

महिनाभर ती टाळत होती. शेवटी मनीषानं तिच्यावर तिचंच शस्त्र चालवलं. म्हणाली, "गिरिजासाठी नेम बोललेय. तुम्ही मंचरला आल्याशिवाय तिचे कान टोचायचे नाहीत." आत्यानं चष्मा लावून तिचं तोंड नीट बघितलं आणि म्हणाली, "माज्याच हाताखाली शिकलीस की गं."

रक्ताचा आकडा बघून डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. मनीषाचा होता त्याच्या किती तरी पट. त्यांनी विचारलं, मुलं किती? आत्यानं सांगितलं, राहिली दोनदा, ठरली न्हाईत. किती वर्षांपासून सूज आहे, थंडी आहे, हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, बहुतेक तेव्हापासूनच असावं, पण इतक्या वर्षांनी खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही. मी हे वाक्य पूर्ण लिहितोय, कारण आत्यानं त्यातलं पहिलं निम्मंच ऐकलं होतं.

परतताना ती पिकअपमध्ये माझ्या शेजारी बसली होती. गावचा फाटा आला तेव्हा म्हणाली, "दत्तू, म्हंजी मी खात न्हवते."

मला काही कळलं नाही. मग ती रस्त्याकडे बघत सांगू लागली. बेल्ह्याला सासूनं तिची भाकरी अर्धी केली होती, सून फुगतीय म्हणून. अर्धी खाऊनही ती फुगतच होती. तेव्हा सासूनं ठरवलं की ती चोरून खाते. गुळाची ढेप पेटीत ठेवून पेटीला कुलूप घातलं. पोटुशी असतानाही अर्धीच भाकरी. दोन्ही वेळा पोट रिकामं झालं, तेव्हा गाडीत घालून माहेरी आणून सोडली, खादाड पोरगी आमच्या गळ्यात मारली म्हणून.

"मी खात न्हवते रं. पर समदी म्हणायची तवा मलाबी वाटाया लागलं, आपून झोपंत उठून खातो का काय. मी रातीला पायाला दोरी बांधून निजायची. उठले तर कळंल म्हणून."

मी गाडी बाजूला घेतली. पारावर हसलो होतो ते आठवत होतं. बोलायला हवं होतं. तिनंच माझ्या खांद्यावर थापटी मारली आणि म्हणाली, "चल, दिवा लावायचाय."

गोळी सुरू झाली, मनीषाबरोबरच, त्याच तांब्यातल्या पाण्याबरोबर. थोड्या थोड्या डोसानं वाढवत नेली. हिवाळा संपता संपता आत्याच्या डोळ्यांखालची सूज उतरली, पाय उचलून टाकता येऊ लागले. मग एक दिवस ती दुकानात येऊन उभी. "दत्तू, बेल्ह्याच्या बाजाराला कदी जाणार हायस? मला घिऊन चल. काम हाय."

बाजाराचा दिवस होता. बैलांच्या टेम्पोंमधून वाट काढत आम्ही गावात गेलो. घर तिनंच दाखवलं, एकदाही न चुकता. अंगणात बाजेवर एक म्हातारा बसला होता. तिचा नवरा. त्यानं नंतर दुसरं लग्न केलं होतं. ती दुसरी बायको दारात धान्य निवडत होती, ती उठून उभी राहिली. आत्या अंगणाच्या मधोमध थांबली.

"वळखलं का?"

म्हातारा बघत राहिला. मग म्हणाला, "हौसा."

"सांगायला आलेय. मला रोग व्हता. रगतात निघालाय. फुगत व्हते ती रोगानं. मी चोरून खात न्हवते."

बाहेर बैल हंबरत होते. म्हातारा म्हणाला, "आई गेली."

"म्हाईत हाय."

"तिला सांगायचं व्हतं?"

"तिलाबी. पर तू बी व्हतास की घरात."

मी अंगणाच्या दारापाशी उभा होतो, आणि हे शेवटचं वाक्य ती कुणाला म्हणाली याची मला क्षणभर खात्री नव्हती.

म्हातारा बाजेवरून उठला. भिंतीला धरत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ताटली होती, ताटलीत गुळाचा मोठा खडा, मुठीएवढा. तो त्यानं आत्यापुढे धरला. दुसरी बायको म्हणाली, "घ्या आक्का, घ्या."

आत्यानं खड्याच्या कडेचा एक कण मोडला, नखाएवढा. जिभेवर ठेवला. ताटली हळूच परत सरकवली आणि म्हणाली, "ठेव. मला येवढाच लागतो. तवाबी येवढाच लागायचा."

मग चहा घेतला, दुसऱ्या बायकोच्या गुडघेदुखीची चौकशी केली, तिला संकष्टीला राजगिऱ्याची भाकरी चालते असं सांगितलं आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर आत्या झोपली. इतकी गाढ की आळेफाट्याच्या गर्दीतल्या हॉर्ननीही उठली नाही.

त्यानंतर ती आणखी काही वर्षं होती. पण मला ती आठवते ती पुढच्याच चैत्रातल्या एका सकाळची. गिरिजा नुकती पावलं टाकायला शिकली होती. नेम तर तिच्या जन्मालाच फिटला होता, तरी मनीषा रोज देवळात जायची. त्या दिवशी मी थर्मास घेऊन मागून गेलो. वाटलं, आज दोघींना चहा तिथेच द्यावा. लांबून आधी आवाज आला. घोगरा नाही, जरासा फुटलेला, पण बाईचा. आत्या जात्यावरची ओवी म्हणत होती आणि गिरिजा नंदीच्या पायाला धरून उभी होती.

नंदीच्या उजव्या शिंगावर चष्मा होता. डाव्या शिंगावर मरून स्वेटर टांगला होता.

"आज लई उकडतंय रं," आत्या मला बघून म्हणाली. मग तिची नजर थर्मासवर गेली. "येवढ्यात आणलास व्हय? ऊन कुटं आलंय आजून?"

ऊन पायरीवर होतं. मी थर्मास हातात धरून उभा राहिलो.